टेनिसमधील दोन पिढ्यांचा सामना

क्रिकेटच्या शौकिनांत एक वाद वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. सुनील गावसकर श्रेष्ठ की सचिन तेंडुलकर? हा वाद कट्ट्यावर चालतो, लोकलच्या डब्यात चालतो, आणि कित्येक घरांत वडील व मुलगा यांच्यात जेवणाच्या पानावरही चालतो. या वादाची एक मोठी सोय अशी की तो कधीच निकालात निघत नाही. गावसकर आपला शेवटचा कसोटी सामना १९८७ च्या मार्चमध्ये खेळले. तेंडुलकर पहिला कसोटी सामना १९८९ च्या नोव्हेंबरात खेळले. कसोटीच्या मैदानावर दोघांची गाठच पडली नाही. पडली असती तरी फलंदाजाविरुद्ध फलंदाज असा सामना क्रिकेटमध्ये नसतोच. त्यामुळे दोन्ही पक्ष आपापल्या आठवणी आणि आपापले आकडे घेऊन सुखाने भांडू शकतात.

टेनिसची गोष्ट निराळी आहे. तेथे मावळती पिढी आणि उगवती पिढी अशी दोन माणसे जाळ्याच्या दोन बाजूंना प्रत्यक्ष उभी राहतात. पाठीशी संघ नाही, आणि सामना अनिर्णित सोडून देण्याचीही सोय नाही. संध्याकाळ होईपर्यंत दोघांपैकी एकाला हरावेच लागते. म्हणून शौकिनांना असे वाटते की, क्रिकेटमध्ये ज्या प्रश्नाचा निकाल लागत नाही त्याचा निकाल निदान येथे तरी लागला. वस्तुतः तो लागतो का, याचा विचार आपण येथे करू. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, अशा सामन्यात निकाल निश्चित लागतो. परंतु आपण जो प्रश्न विचारलेला असतो त्याचा तो नसतो.

विंबल्डन, १६ जुलै २०२३

अलीकडचे एक उदाहरण घेऊ. १६ जुलै २०२३, रविवार. विंबल्डनच्या पुरुष एकेरीचा अंतिम सामना. एका बाजूला सर्बियाचा नोवाक जोकोविच, वय ३६. दुसऱ्या बाजूला स्पेनचा कार्लोस अल्काराझ, वय २०. दोघांत जवळजवळ १६ वर्षांचे अंतर. टेनिसमध्ये ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, विंबल्डन आणि अमेरिका अशा ज्या चार मोठ्या स्पर्धा आहेत, त्यांपैकी कोणत्याही स्पर्धेच्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात एवढे अंतर १९७४ नंतर पडले नव्हते. जोकोविचजवळ तोपर्यंत २३ मोठी अजिंक्यपदे होती. त्यांतली ७ एकट्या विंबल्डनची. २०१३ च्या अंतिम सामन्यानंतर तेथील सेंटर कोर्टवर तो एकदाही हरला नव्हता. अल्काराझजवळ मोठे अजिंक्यपद एकच होते, २०२२ चे अमेरिकेचे. शिवाय महिन्याभरापूर्वीच पॅरिसच्या उपांत्य सामन्यात याच जोकोविचसमोर त्याच्या अंगात पेटके आले होते, आणि ते मनावरच्या ताणामुळे आले, असे त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितले होते.

पहिला सेट जोकोविचने ६-१ असा घेतला. पोरगे याही वेळी दबले, असे पुष्कळांना वाटले असेल. दुसऱ्या सेटमध्ये ६-६ अशी बरोबरी झाली आणि टायब्रेक आला. टायब्रेक म्हणजे बरोबरी फोडण्यासाठी खेळावयाचा छोटा डाव. निदान दोन गुणांची आघाडी राखून जो प्रथम सात गुणांवर पोहोचेल त्याला सेट मिळतो. मोठ्या स्पर्धांतले आधीचे लागोपाठ १५ टायब्रेक जोकोविचने जिंकलेले होते. याही वेळी तो ६-५ असा पुढे होता. आणखी एक गुण मिळता तर दोन सेट त्याच्या पदरात पडते. नेमक्या त्या ठिकाणी त्याचा जन्माचा विश्वासू बॅकहँड लागोपाठ दोनदा जाळ्यात गेला, आणि पुढच्याच गुणावर अल्काराझने परतीचा फटका रेषेलगत मारून तो सेट ओढून घेतला.

तिसऱ्या सेटमधला पाचवा गेम २६ मिनिटे चालला. एका गेमला सामान्यतः चारपाच मिनिटे पुरतात. या गेममध्ये १३ वेळा ड्यूस झाला, म्हणजे दोघांचे गुण १३ वेळा पुन्हा समान झाले. आणि अखेर जोकोविचच्या सर्व्हिसवरचा तो गेम अल्काराझने जिंकला. सेटही गेला. चौथा सेट जोकोविचने ६-३ असा परत मिळवला. पाचव्यात आरंभीच त्याची सर्व्हिस भेदली गेली, तेव्हा त्याने रागाने रॅकेट जाळ्याच्या खांबावर आपटून मोडून टाकली. ४ तास ४२ मिनिटांनी अल्काराझ १-६, ७-६, ६-१, ३-६, ६-४ असा विजयी झाला.

त्या रात्रीपासून वाद सुरू झाला, आणि तो कोणत्या स्वरूपाचा होता हे टेनिसच्या शौकिनांना सांगावयास नको. तरुणपक्ष म्हणाला, राज्य संपले, नवा राजा बसला. वृद्धपक्ष म्हणाला, जोकोविच पाच वर्षांनी लहान असता तर हे पोर तीन सेटमध्ये घरी गेले असते. तिसरा एक पक्ष होता. तो म्हणाला की, एवढी वर्षे जोकोविचला असा तरुण प्रतिस्पर्धी भेटलाच नाही, म्हणून तर त्याची अजिंक्यपदे एवढी फुगली! तिघांचीही समजूत अशी की आपण पुराव्यानिशी बोलत आहो, आणि पुरावा म्हणजे तो एक सामना.

परंतु पुढे काय झाले ते पाहा. त्याच वर्षी सप्टेंबरात जोकोविचने अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकून आपली संख्या २४ वर नेली. १४ जुलै २०२४ रोजी विंबल्डनच्या अंतिम सामन्यात तेच दोघे पुन्हा भेटले, आणि अल्काराझने ६-२, ६-२, ७-६ अशी सरळ मात केली. जोकोविचच्या गुडघ्यावर त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी शस्त्रक्रिया झाली होती. आता तरी वाद मिटला, असे सर्वांना वाटले. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, ४ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसला ऑलिंपिकचा अंतिम सामना झाला. मैदान मातीचे, खेळाडू तेच. ३७ वर्षांच्या जोकोविचने २१ वर्षांच्या अल्काराझला ७-६, ७-६ असे हरवून सुवर्णपदक घेतले. सबंध सामन्यात दोघांपैकी एकाचीही सर्व्हिस भेदली गेली नाही. आमच्याकडे तालमीत एक गोष्ट सांगतात, की वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो. जोकोविच काही अल्काराझचा वस्ताद नव्हे. पण त्या दिवशी त्याने राखून ठेवलेला डाव काढला, असे पाहणाऱ्यास वाटावे यात नवल नाही.

म्हणजे जुलैत दिलेला निकाल ऑगस्टमध्ये फिरला. मग कोणता खरा मानावयाचा? आमच्या मते दोन्ही खरे. दोन्ही त्या त्या दिवसाचे निकाल होते, एवढेच.

गुण अधिक, तरी हार

हे असे का व्हावे, याचे एक कारण टेनिसच्या गुणपद्धतीतच आहे. गुणांचा गेम होतो, गेमचा सेट होतो, सेटचा सामना होतो. या प्रत्येक पायरीवर मागचा हिशेब पुसला जातो. तुम्ही सेट ६-१ असा जिंका की ७-६ असा, पदरात पडतो तो एकच सेट. त्यामुळे सबंध सामन्यात अधिक गुण मिळवूनही माणूस हरू शकतो.

२०१९ च्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यात हेच घडले. त्या वेळी जोकोविच ३२ वर्षांचा, आणि समोर रॉजर फेडरर ३८ व्या वर्षाच्या अखेरीस आलेला. फेडररने २१८ गुण मिळवले, जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ असा पुढे होता, सर्व्हिस त्याची होती, आणि दोन गुण असे आले की त्यांपैकी एक मिळता तर अजिंक्यपद त्याचे होते. ते दोन्ही गेले. जोकोविच ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा जिंकला. मैदानावरचे बहुतेक लोक त्या दिवशी फेडररच्या बाजूचे होते. चार वर्षांनी त्याच मैदानावर वयाने मोठा खेळाडू कोण होता? जोकोविच. तेव्हा ज्या माणसाला आपण २०२३ मध्ये मावळती पिढी म्हटले, तोच २०१९ मध्ये मागून येऊन म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढून घेणारा होता. या गोष्टीकडे आम्हांला वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधावयाचे आहे. कारण हे केवळ जोकोविचच्या बाबतीत घडलेले नाही. तो या खेळाचा नियमच आहे.

रोझवॉलचे चार पराभव

हा नियम ज्याच्या आयुष्यात सर्वांत स्वच्छ दिसतो तो खेळाडू म्हणजे ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल. जन्म नोव्हेंबर १९३४. अंगाने लहान, फटक्याचा जोर बेताचा. पण बॅकहँड असा की तसा क्वचितच कोणाचा झाला असेल. ऑस्ट्रेलियाचे अजिंक्यपद त्याने प्रथम १९५३ मध्ये जिंकले तेव्हा तो १८ वर्षांचा होता. शेवटचे १९७२ मध्ये जिंकले तेव्हा ३७ वर्षांचा. मोठ्या स्पर्धेत पुरुष एकेरी जिंकणारा खुल्या काळातला सर्वांत वडील खेळाडू, हा त्याचा मान पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. असा हा माणूस विंबल्डनच्या अंतिम सामन्यात चार वेळा पोहोचला, आणि चारही वेळा हरला.

पहिला सामना १९५४ चा. रोझवॉल १९ वर्षांचा. समोर ३२ वर्षांचा यारोस्लाव द्रोब्नी. मायदेश चेकोस्लोव्हाकिया सोडून परागंदा झालेला, इजिप्तच्या नावावर खेळणारा, १९४९ आणि १९५२ अशा दोन अंतिम सामन्यांत तोंडाशी आलेला घास गमावलेला. प्रेक्षक सगळे द्रोब्नीचे. या पोराला काय, अजून चिकार वर्षे आहेत. बिचाऱ्या द्रोब्नीला ही शेवटची संधी! द्रोब्नी १३-११, ४-६, ६-२, ९-७ असा जिंकला, आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतले.

दुसरा सामना १९५६ चा. समोर लू होड, रोझवॉलहून तीनच आठवड्यांनी लहान, लहानपणापासूनचा जोडीदार. होड जिंकला. तिसरा १९७० चा. समोर जॉन न्यूकोम, साडेनऊ वर्षांनी लहान. पाच सेट झाले आणि न्यूकोम जिंकला. चौथा १९७४ चा. रोझवॉल ३९ वर्षांचा झालेला. उपउपांत्य सामन्यात त्याने न्यूकोमला हरवले. उपांत्य सामन्यात स्टॅन स्मिथविरुद्ध पहिले दोन सेट गेले, तिसऱ्यात स्मिथला विजयाला एकच गुण हवा होता. तेथून रोझवॉलने सामना फिरवला. अंतिम सामन्यात समोर आला २१ वर्षांचा अमेरिकन जिमी कॉनर्स. हातात पोलादी रॅकेट, आणि चेंडू वर चढत असतानाच त्याच्यावर तुटून पडण्याची धाटणी. या वेळी प्रेक्षक सगळे रोझवॉलचे. कॉनर्सने ६-१, ६-१, ६-४ असा फडशा पाडला. दोन महिन्यांनी अमेरिकेच्या अंतिम सामन्यात पुन्हा तीच जोडी. तेथे ६-१, ६-०, ६-१. तीन सेटमध्ये रोझवॉलला दोन गेम मिळाले.

एक माणूस आपल्याहून वडिलाशी हरला, समवयस्काशी हरला, दहा वर्षांनी लहानाशी हरला आणि अठरा वर्षांनी लहानाशी हरला. १९५४ मध्ये लोकांना नको असलेला तरुण तो, आणि १९७४ मध्ये लोकांना हवाहवासा वाटणारा म्हातारा तोही तोच. मधल्या वीस वर्षांत रोझवॉलचा स्वभाव बदलला नव्हता, बॅकहँडही बदलला नव्हता. बदलले होते ते त्याचे वय. आणि त्याबरोबर प्रेक्षकांचे मन.

कॉनर्सचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. उद्धट, आडदांड म्हणून ज्याला लोकांनी नाके मुरडली तो कॉनर्स १९९१ च्या अमेरिकन स्पर्धेत खेळत होता. २ सप्टेंबर हा त्याचा ३९ वा वाढदिवस. म्हणजे रोझवॉलचे १९७४ मधले जे वय तेच आता त्याचे झाले. त्या दिवशी २४ वर्षांच्या अॅरन क्रिकस्टीनशी त्याची गाठ होती. पाचव्या सेटमध्ये २-५ असा मागे पडलेला कॉनर्स टायब्रेकवर सामना जिंकून गेला, आणि न्यूयॉर्कचे प्रेक्षक त्याच्यासाठी अक्षरशः वेडे झाले. उपांत्य फेरीत तरुण जिम कूरियरने त्याला थांबवले. द्रोब्नीची जागा रोझवॉलने घेतली, रोझवॉलची कॉनर्सने. खुर्ची तीच राहते, बसणारा बदलतो.

आकड्यांमागची साले

येथे कोणी म्हणेल, सामन्यांवरून ठरत नसेल तर अजिंक्यपदे मोजावी. आकडा खोटे बोलत नाही. आकडा खोटे बोलत नाही हे खरे. पण तो सगळे सांगतही नाही. रोझवॉलची एकेरीतली मोठी अजिंक्यपदे ८, जोकोविचची २०२३ अखेर २४. तेव्हा जोकोविच रोझवॉलच्या तिप्पट मोठा, असा हिशेब करणाऱ्याने काही साले ध्यानात घेतली पाहिजेत.

१९६८ पर्यंत या चार स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. खेळावर उघडपणे पैसा मिळवणाऱ्या धंदेवाईक खेळाडूस तेथे मज्जाव होता. जणू संगीताच्या मैफलीत बिदागी घेणाऱ्या गवयास बसू द्यावयाचे नाही! रोझवॉल १९५७ च्या आरंभी धंदेवाईक झाला, आणि त्याच्यासाठी हे दरवाजे बंद झाले. १९५७ ते १९६७ ही ती अकरा वर्षे; वर्षाला चार याप्रमाणे ४४ मोठ्या स्पर्धा. त्याच्या वयाची २२ ते ३३ ही वर्षे, म्हणजे ज्या वयात खेळाडू सामान्यतः आपली अजिंक्यपदे गोळा करतो तीच. १९६८ मध्ये दरवाजे उघडले. बोर्नमथ येथे पहिली खुली स्पर्धा झाली ती रोझवॉलने जिंकली, आणि मोठ्या स्पर्धांपैकी पहिली खुली स्पर्धा म्हणजे त्या वर्षीची फ्रान्सची, तीही त्यानेच. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर रॉड लेव्हर होता. लेव्हरची कथाही अशीच. १९६२ मध्ये त्याने चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. मग तो धंदेवाईक झाला आणि पाच वर्षे बाहेर बसला. परत आल्यावर १९६९ मध्ये पुन्हा चारही जिंकल्या. मधल्या पाच वर्षांत त्याच्या नावापुढे जे शून्य दिसते ते खेळाचे शून्य नव्हे, नियमाचे आहे.

दुसरी गोष्ट मैदानाची. १९७४ पर्यंत चारांपैकी तीन स्पर्धा हिरवळीवर होत. फ्रान्सची तेवढी मातीवर. अमेरिकेने १९७५ मध्ये हिरवळ सोडली, ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये. आज हिरवळ राहिली आहे ती विंबल्डनला, आणि तेथेही २००१ पासून गवताचे वाण बदलून केवळ राय जातीचे गवत लावू लागले. चेंडूची उसळी त्यामुळे अधिक खात्रीची झाली. तिसरी गोष्ट प्रवासाची. ऑस्ट्रेलिया दूर, स्पर्धा नाताळ व नववर्षाच्या सुमारास, आणि बक्षीसही तुलनेने बेताचे. त्यामुळे १९७० नंतरच्या काळात पुष्कळ मोठे खेळाडू तिकडे फिरकतच नसत. ब्योर्न बोर्ग आयुष्यात एकदाच गेला, कॉनर्स दोनदाच. मोठी अजिंक्यपदे मोजावयाची असतात हेच तेव्हा फारसे कोणाच्या मनात नव्हते. चौथी गोष्ट हत्याराची. लाकडी रॅकेटचे तोंड लहान, आजच्या रॅकेटचे दीडपट मोठे. चेंडूला जी पिळदार फिरकी आज अल्काराझ देतो ती जुन्या लाकडी रॅकेटमधून त्याच्या हाताला तरी कशी साधली असती? आणि टायब्रेकच नसता, तर १९५४ सारखे १३-११ असे सेट खेळून जोकोविचचे छत्तिशीचे पाय किती टिकले असते?

हे सर्व सांगण्याचा हेतू नव्यांची किंमत कमी करण्याचा नाही. नव्यांना आज जगभरातून आलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी झुंजावे लागते, आणि चारही स्पर्धा दरवर्षी खेळाव्या लागतात. हे ओझे जुन्यांवर नव्हते. सांगावयाचे ते एवढेच की आकड्याला त्याचे साल चिकटलेले असते. साल खरवडून काढले की राहतो तो आकडा कोणालाच न्याय देत नाही, जुन्यालाही नाही आणि नव्यालाही नाही.

प्रेक्षकांचा अन्याय

न्यायाचा विषय निघाला, तेव्हा एक अप्रिय प्रसंग सांगणे प्राप्त आहे. म्हाताऱ्या खेळाडूवर प्रेम करणे ही चांगली गोष्ट. परंतु त्या प्रेमाचे ओझे समोरच्या तरुणाच्या डोक्यावर पडते, याचा प्रेक्षकांस विसर पडतो.

५ जून १९९९. पॅरिस. स्त्रियांच्या एकेरीचा अंतिम सामना. एका बाजूला जर्मनीची स्टेफी ग्राफ, तिसावे वर्ष पुरे होण्यास नऊ दिवस उरलेले, दुखापतींनी जर्जर झालेली. दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस, वय १८, जगात पहिल्या क्रमांकावर. हिंगिसने पहिला सेट ६-४ असा घेतला. दुसऱ्यात ती २-० अशी पुढे होती. एक चेंडू बाहेर दिला गेला. तो तिला मान्य नव्हता, म्हणून ती जाळे ओलांडून ग्राफच्या बाजूस गेली आणि मातीवरची खूण दाखवू लागली. हे नियमाविरुद्ध होते. तिला एका गुणाचा दंड झाला. प्रेक्षक बिथरले. तेथून पुढे तिच्या प्रत्येक चुकीवर टाळ्या आणि प्रत्येक तक्रारीवर हुर्यो. सामना जिंकण्यास तीन गुण उरले असता तिचा खेळ ढासळला. शेवटी तर तिने खांद्याखालून सर्व्हिस केली, तेव्हा आरडाओरड्याला सीमा राहिली नाही. ग्राफ ४-६, ७-५, ६-२ अशी जिंकली. हे तिचे २२ वे आणि शेवटचे मोठे अजिंक्यपद. हिंगिस रडत मैदानातून निघून गेली. बक्षीससमारंभासाठी तिच्या आईने तिला हाताला धरून परत आणले.

हिंगिस चुकली, यात शंका नाही. तिच्या बोलण्यात आणि वागण्यात अठरा वर्षांचा तोरा होता. पण अठराव्या वर्षी तोरा असणे आणि हजारो प्रौढ माणसांनी एका मुलीला मिळून रडवणे, यांत मोठी चूक कोणाची? ते लोक दुष्ट नव्हते. त्यांना ग्राफला आणखी एकदा जिंकलेले पाहावयाचे होते. ज्या वर्षांत ग्राफ तरुण होती त्या वर्षांत तेही तरुण होते. ती हरली असती तर स्वतःचेच काहीतरी संपले असे त्यांना वाटले असते. पिढ्यांच्या सामन्यात प्रेक्षक नेहमी आपल्याच वयाची बाजू घेऊन बसतो. तरुण प्रेक्षक तरुणाची घेतो, कारण त्याला जग आपल्या हाती यावयास हवे असते. प्रौढ प्रेक्षक म्हाताऱ्याची घेतो, कारण त्याला ते इतक्यात सोडवत नाही. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु आपण खेळाडूबद्दल बोलत नसून आपल्या वयाबद्दल बोलत आहो, एवढे कळले म्हणजे हुर्यो करणारे तोंड आपोआप मिटते.

फ्रान्सचे एकेरीचे अजिंक्यपद हिंगिसला कधीच मिळाले नाही. मात्र १७ वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच पॅरिसला ती मिश्र दुहेरीची विजेती झाली. तिचा जोडीदार होता आपला लिअँडर पेस, वय ४२. आणि अंतिम सामन्यात समोर होती आपलीच सानिया मिर्झा, इव्हान डॉडिगसह. १९९९ ची पोर आता स्वतः पस्तिशीची झाली होती.

मग निकाल कशाचा लागतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक खेळाडूच्या कर्तृत्वाचा एक चढ असतो आणि एक उतार असतो. दोन पिढ्यांचा सामना होतो तेव्हा एकाचा चढ आणि दुसऱ्याचा उतार हे कोठेतरी एकमेकांस छेदतात. त्या दिवशी कोण वर आहे, एवढेच सामना सांगतो. दोघांचीही विशी असती तर काय झाले असते, हे तो सांगत नाही, कारण तसा सामना होणे शक्यच नाही. २०१९ च्या अमेरिकन अंतिम सामन्यात १९ वर्षांच्या बियांका आंद्रेस्कूने सेरेना विल्यम्सला ६-३, ७-५ असे हरवले. सेरेनाने ती स्पर्धा प्रथम जिंकली १९९९ मध्ये. तेव्हा आंद्रेस्कूचा जन्मही झालेला नव्हता. या दोघींत श्रेष्ठ कोण, हे त्या दोन सेटांवरून ठरवू पाहणे म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ यांत श्रेष्ठ कोण, असे विचारण्यासारखे आहे.

परंतु सामना एक गोष्ट दाखवतो, आणि ती लहान नाही. नव्याने जुन्यापासून किती घेतले, हे तेथे उघड होते. २०२३ च्या त्या पराभवानंतर जोकोविचने अल्काराझविषयी बोलताना सांगितले की, असा खेळाडू आपण पूर्वी पाहिला नव्हता. त्याच्यात फेडरर, नदाल आणि आपण स्वतः अशा तिघांचेही गुण एकत्र आले आहेत. हरलेल्या माणसाने, तासाभरापूर्वी रॅकेट मोडलेल्या माणसाने, हे म्हणावे यात त्याचा मोठेपणा आहेच; पण त्याहून अधिक, त्यात खरेपणा आहे. मागची पिढी समोर नसती तर अल्काराझ असा घडलाच नसता.

आपल्या देशात तर ही गोष्ट एकाच घरात घडली. १९५४ मध्ये, रोझवॉल द्रोब्नीकडून हरला त्याच विंबल्डनमध्ये, मुलांच्या एकेरीचे अजिंक्यपद मद्रासच्या रामनाथन कृष्णन यांनी जिंकले. पुढे १९६० आणि १९६१ अशी दोन वर्षे ते तेथे पुरुषांच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले, आणि १९६६ मध्ये भारताला डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत घेऊन गेले. १९७९ मध्ये त्यांचे चिरंजीव रमेश यांनी विंबल्डनचे तेच मुलांचे अजिंक्यपद जिंकले, आणि १९८७ मध्ये तेही भारतीय संघातून डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत खेळले. वडील श्रेष्ठ की मुलगा, हा वाद शौकिनांनी याही बाबतीत घातला. पण मुलाच्या हातातला नाजूक, फसवा फटका वडिलांच्या हातातून आला होता, हे ज्यांनी पाहिले त्यांना त्या वादात फार गोडी वाटली नसावी.

तेव्हा शौकिनांनी वाद घालूच नये काय? अवश्य घालावा. वादावाचून खेळाची आवड टिकत नाही, आणि जेवणाच्या पानावर निदान त्या निमित्ताने बापलेक एकमेकांशी बोलतात. आमची विनंती एवढीच आहे की, आकडा सांगताना साल सांगावे, आणि आपल्या आवडत्या खेळाडूचे कौतुक करताना समोरच्याचे वय विचारात घ्यावे. पुढच्या वेळी असा अंतिम सामना घरात लागेल, तेव्हा वडिलांनी मुलाच्या खेळाडूचा एक फटका मनापासून वाखाणावा. आणि मुलाने सामना संपल्यावर वडिलांना विचारावे, की तुमच्या वेळी काय होते, ते सांगा.